फिलाडेल्फियाचं प्रस्थान

झाशीत एखादा मराठी पाहुणा उतरला आणि भानूकाकूंच्या हातचे पोहे न खाता परत गेला, असं गेल्या चाळीस वर्षांत फारसं झालेलं नाही. महाराष्ट्रातल्या माणसाला आयुष्यात एकदा झाशी बघायची असते, आणि इथं ओळखीचं मात्र कोणी नसतं. मग फोनाफोनी होते, कोणाच्या तरी चुलतजावेला आठवतं, अहो, खंडेराव गेटपाशी मोघे राहतात ना! की पाहुणा स्टेशनवरून रिक्षा करून थेट काकूंच्या ओसरीवर.

मोघ्यांचं घराणं जुन्या काळी दप्तराच्या कामासाठी इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी बुंदेली अशा तीन भाषा काकू एकाच सकाळी, एकाच दमात बोलतात. त्यांचे यजमान सुभाषचंद्र बँकेतून निवृत्त झालेले. पेपर वाचणं आणि बायकोला टोमणे मारणं ही दोन कामं ते मन लावून करतात.

शहर दाखवण्याचं काकूंचं स्वतःचं शास्त्र होतं. गाव आधी उंचावरून दाखवावं, मग गल्लीतून. किल्ला सकाळच्या उन्हात बघावा, लक्ष्मी ताल या तळ्याकाठचं देऊळ संध्याकाळी. झाशीची दुपार पाहुण्याला दाखवूच नये, त्याला पंख्याखाली झोपवावं. सलग तीन जागा पाहिल्या की माणसाचे कान मिटतात. चौथ्या जागी त्याला उसाचा रस पाजावा आणि आपण गप्प बसावं. पाहुण्यांच्या जातीही त्यांनी पाडल्या होत्या. दगडाला हात लावून बघणारे एक, ‘हे खरंच इथंच घडलं का’ असं विचारणारे दुसरे, आणि देवळात देवाकडे पाठ करून बाहेर काढलेल्या चपलांवर नजर ठेवणारे तिसरे. कोणाचा बूट चावतोय हे त्यांना फलाटावरच कळायचं आणि त्या दिवसाचा बेत तिथल्या तिथे बदलायचा.

किल्ल्यावर काकूंची एक ठरलेली जागा होती. खालच्या चौकात कडुनिंबाला बांधलेला पार आहे, तो. वरच्या बुरुजाकडे जाणारी चढण तिथून सुरू होते. पहिल्या वर्षी निरंजन कडेवर होता म्हणून त्या पारावर थांबल्या. निरंजन मोठा झाला तोवर पाहुण्यांना सवय लागली. “काकू, एवढं धरता का?” असं म्हणत लोक पर्सा, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे स्वेटर त्यांच्या मांडीवर ठेवायचे आणि वर जायचे. खाली आले की काकू विचारायच्या, “दिसलं का सगळं?” लोक म्हणायचे, “दिसलं.” काकूंचं समाधान व्हायचं.

स्वतः काकू कधी कुठं गेल्या, तर लग्नाला, बारशाला, नाहीतर कोणाच्या दुखण्याला. पाहुणी म्हणून, नुसतं बघायला म्हणून, कुठंही नाही. अमेरिकेलाही एकदा जाऊन आल्या होत्या. नात झाली तेव्हा सुनेच्या बाळंतपणाला. सहा महिने डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि बाळाची न्हाणी. खिडकीतून बर्फ दिसला, तेवढीच अमेरिका.

म्हणून यंदा निरंजनचा फोन आला आणि त्यानं सांगितलं की आई-बाबांनी ऑक्टोबरात यावं, तेव्हा एक लांब सुटी आहे, तीन दिवस कुठल्या तरी जुन्या शहरात जाऊन राहू, तेव्हा काकूंनी गॅस बारीक करून फोन दोन्ही हातांत धरला. मग सून बोलली. मुग्धा तशी मोजकं बोलणारी. ती म्हणाली, “आई, शहर तुम्ही निवडा आणि बेतही तुम्हीच ठरवा. सगळ्या जगाला झाशी दाखवलीत, आता आम्हाला एखादं गाव दाखवा.”

मुग्धा अर्धं गमतीत बोलली असेल. काकूंनी ते पुरतं मनावर घेतलं.

शेजारच्या माधुरीचं ब्यूटी पार्लर आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. दुपारी गिऱ्हाईक नसतं आणि माधुरीची बोटं फोनवर सुईसारखी चालतात. काकूंनी जाऊन सांगितलं की मला अमेरिकेतलं एक जुनं गाव निवडायचंय. माधुरीनं आरशापुढची फिरती खुर्ची त्यांना दिली, स्वतः स्टुलावर बसली आणि विचारलं, “काए मौसी, उतै किला-विला है कि नईं?”

निरंजननं तीन नावं सांगितली होती. बॉस्टन, वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया. दोघींनी तिन्ही गावांची चित्रं बघितली. वॉशिंग्टन काकूंना फार पांढरं आणि फार मोठं वाटलं. अशा ठिकाणी माणूस चालून थकतो आणि घरी येऊन सांगायला काही राहत नाही, असं त्यांनी अनुभवानं सांगितलं. बॉस्टन बरं होतं. पण फिलाडेल्फियाच्या चित्रांत एक गल्ली निघाली. विटांची लहान लहान घरं, दगडी फरसबंदी, दारात फुलांच्या कुंड्या. माधुरीनं वाचून दाखवलं की गल्ली तीनशे वर्षांची आहे आणि तिथं अजून माणसं राहतात.

“राहतात?” काकू खुर्चीत पुढं सरकल्या. राहत्या माणसांची जुनी गल्ली म्हणजे खरं जुनं गाव. किल्ले काय, रिकामेच असतात. त्यांनी तिथंच फिलाडेल्फिया पक्कं केलं.

त्या दिवसापासून मोघ्यांच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. त्या गावात रस्त्यांना झाडांची नावं आहेत, हे कळल्यावर तर काकू हरखूनच गेल्या. अक्रोडाचा रस्ता, चेस्टनटचा, पाइनचा. आपल्या बाजूला कसे माणसांच्या नावाचे रस्ते आणि त्यावरून भांडणं, झाडाचं नाव दिलं की कोण भांडणार, असं त्यांनी दूधवाल्यालाही सांगितलं. तिथं तडा गेलेली एक मोठी घंटा आहे आणि ती तशीच ठेवली आहे, लोक तो तडा बघायला येतात, हेही त्याला सांगितलं. दूधवाला म्हणाला, “अम्मा, हमाए मंदिर की घंटा चटकी, तो पंडितजी ने बदलवा दई.” तेही काकूंना पटलं.

माधुरीच्या फोनवर रस्त्याचं चित्र पुढं पुढं सरकवत चालता येत असे. काकू दुपारभर फिलाडेल्फियात चालायच्या. अक्रोड रस्त्यानं नदीकडे, नदीकडून गल्लीत, गल्लीतून बाजारात. कुठल्या कोपऱ्यावर बाक आहे, कुठं सावली आहे, कुठल्या इमारतीला पायऱ्या जास्त आहेत, सगळं त्यांना पाठ झालं. एकदा माधुरीनं एका बाईचे केस धुवायला घेतले तरी काकू खुर्चीतून उठल्या नाहीत, म्हणून त्या बाईलाही अर्धं फिलाडेल्फिया बघावं लागलं.

अडलं ते एकाच गोष्टीपाशी. काकूंना त्या गावाची वेस सापडेना. झाशीच्या माणसाला गाव म्हणजे आधी दरवाजे. खंडेराव, दतिया, ओरछा, सैंयर, कुठल्या ना कुठल्या दरवाजानं आत शिरलं की गावात आलो. काकूंचा प्रत्येक बेत ‘कोणत्या दरवाजानं शिरायचं’ इथूनच सुरू व्हायचा. फिलाडेल्फियाचा नकाशा त्यांनी उलटा धरला, सुलटा धरला. दरवाजा नाही. शेवटी माधुरीनं शोधून काढलं की ज्यानं ते गाव वसवलं त्यानं तट बांधलाच नव्हता.

रात्रीच्या जेवणाला काकूंनी ही अडचण नवऱ्यापुढं मांडली. दरवाजाच नाही, तर गावात शिरलो हे कळायचं कसं?

“स्टेशनवर उतरलीस की कळेल,” सुभाषचंद्र म्हणाले. “पाटी असते.”

“पाटीनं गाव सुरू होत नाही.”

“मग मी दोन्ही हात वर करून उभा राहतो. तू माझ्या खालून शिर. मोघे गेट.”

काकूंनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी टाकली आणि बेत गाडीऐवजी रेल्वेनं जायचा केला. पाटी तर पाटी, निदान पायी चालत शिरता येईल.

मग एका रविवारी निरंजननं फोनवर जरा चाचरत सांगितलं की शर्वरी बहुधा येणार नाही. तिच्या वर्गातल्या शमिकाकडे त्याच सुटीत मैत्रिणी जमणार आहेत, तिला तिथं राहायचंय. अकरा वर्षांची आहे, जुनी शहरं बघायचं वय नाही तिचं. “जबरदस्ती नको करूया, आई.”

“नको, नको,” काकू म्हणाल्या. “मुलांना मुलांतच बरं वाटतं.”

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ फडताळातले डबे पुसत राहिल्या. डबे स्वच्छच होते. सुभाषचंद्रांनी पेपर खाली घेतला, पण टोमणा मारला नाही.

काकूंना दोन वर्षांपूर्वीचा जून आठवत होता. शर्वरी तेव्हा नऊ वर्षांची. शाळेच्या सुटीत आईबापांबरोबर झाशीला आली होती. काकूंनी तिला किल्ला दाखवायला नेलं, आणि आयुष्यभराचं शास्त्र त्या दिवशी विसरल्या. नात आली होती, काय दाखवू आणि काय नको असं झालं होतं. तीन जागांनंतर थांबायचं सोडून पाचवी, सहावी. उन्हानं दगड तापलेले. सगळे वरच्या बुरुजावर गेले, काकू पिशव्या धरून पारावर बसल्या. शर्वरी वरून धावत खाली आली, काहीतरी सांगितलं, पुन्हा वर गेली, आणि परत आली ती गप्प. पाराच्या टोकाला बसून राहिली. काकू पुढचं सांगायला लागल्या तेव्हा म्हणाली, “आजी, आता नको दाखवू.” त्यानंतर फोनवर नुसतं ‘हाय आजी’ आणि ‘बाय आजी’. काकूंच्या मनानं घेतलं की आपल्या बोलण्यानं पोर कंटाळली, ती कायमची.

म्हणजे फिलाडेल्फिया हा एक मौका होता. तीन दिवस ती पोर आपल्या बरोबर चालली असती. तीच येणार नसेल तर त्या अक्रोडाच्या रस्त्याचं करायचं काय?

काकू हार मानणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी माधुरीच्या खुर्चीत बसून त्यांनी सगळा बेत उसवला आणि नव्यानं शिवला. इतिहास कमी, आइस्क्रीम जास्त. घंटेपाशी नुसतं बघायचं, आपण काही सांगायचं नाही. एका दिवसात तीनच जागा, एकही जास्त नाही. बाजारात वर मीठ लावलेले पावाचे गरम गरम वेटोळे मिळतात, ते शर्वरीला. नदीकाठी बसायला एक पूर्ण संध्याकाळ, त्या संध्याकाळी कोणी कोणाला काही दाखवायचं नाही. मधल्या चौकातल्या उंच मनोऱ्यावर लिफ्टनं जाता येतं, तिथून सगळं गाव दिसतं, तो अगदी पहिला. माधुरी म्हणाली, “मौसी, ऐसा प्रोग्राम हमाए लिए बना देतीं, तो हम तो कल ही चले जाते.”

शनिवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ असताना, काकूंनी फोन उभा करून साखरेच्या डब्याला टेकवला आणि बेत सांगितला. निरंजन आणि मुग्धा समोर होते, शर्वरी कडेला, तोंडात घास. काकूंचा आवाज पहिल्या दोन वाक्यांत थरथरला, मग लागला. गल्ली सांगितली, घंटा सांगितली, बाजार सांगितला. मनोरा आला तेव्हा म्हणाल्या, “इथं तुम्ही चौघं वर जा. खाली बाक आहे, मी पिशव्या घेऊन बसते.” बाजारात जागा मिळत नाही, तर “तुम्ही फिरून या, मी टेबल धरून ठेवते.” होडीतून फिरवतात, तर “तुम्ही जाऊन या, मी काठावर आहे.”

निरंजन मध्येच म्हणाला की आई, बेत झकास आहे. मुग्धानंही मान हलवली. शर्वरीनं घास गिळला.

“आजी, तू सगळीकडे खालीच का?”

काकू म्हणाल्या, कोणीतरी सामान धरायला पाहिजे ना बाळा.

“तिथं लॉकर असतात.” तिचं मराठी अडखळत आलं, पण येत राहिलं. “झाशीला पण तू खालीच होतीस. मी तुला बोलवायला आले. पोपट दाखवायला. तू म्हणालीस, बघितलेत मी. आणि तू आलीच नाहीस.”

 काकूंना आठवलं. पोर धावत आली होती, घामानं लाल झालेली, हात ओढत होती. भिंतीत पोपट आहेत, वर चल. मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या होत्या. ‘हो, बघितलेत मी, तू बघ,’ असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांनी ते पोपट बघितले नव्हते. बुरुजावर त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षी एकदा गेल्या होत्या, तेवढ्याच.

शर्वरी उठून आत गेली. निरंजन काहीबाही समजावत होता. काकू हो हो म्हणत होत्या.

रविवारी दुपारी चार वाजताच काकूंनी साडी बदलली आणि पायांत ते बूट घातले, जे फिलाडेल्फियासाठी घेऊन कागदात गुंडाळून ठेवले होते. सुभाषचंद्रांनी विचारलं, पाहुणे कोण येतायत?

“मीच,” काकू म्हणाल्या.

माधुरी बरोबर निघाली. किल्ल्यावर रविवारची गर्दी होती, फुगेवाले होते, चिवडा-चणेवाले होते. चौकातल्या पारापाशी आल्यावर काकूंचे पाय सवयीनं थांबले. त्यांनी खांद्यावरचा झोला काढला आणि माधुरीच्या हातात दिला. “आज तू पकड.” माधुरी पारावर बसली. काकू चढणीला लागल्या.

चढण त्यांना वाटली होती तेवढी अवघड नव्हती, पण सोपीही नव्हती. मध्ये दोनदा भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. दगड दिवसभराच्या उन्हानं कोमट झाला होता. आपण दगडाला हात लावून बघणाऱ्या जातीच्या निघालो, असं मनात येऊन त्यांना हसू आलं. वर पोचल्या तेव्हा वारा लागला आणि सगळं गाव एकदम पायाखाली आलं. घरांच्या गच्च्या, टाक्या, पतंग, दूर तळ्याचा चकाकता तुकडा. हे सगळं आहे असं त्या चाळीस वर्षं लोकांना सांगत होत्या.

भिंतीत भोकं होती. पोपट नव्हते.

त्यांनी फोन लावला. तिकडे सकाळ होती. मुग्धानं उचलला आणि काही न विचारता शर्वरीच्या हातात दिला. काकूंनी फोन भिंतीकडे वळवला आणि सांगितलं की मी वर आलेय, भोकं दिसतायत, पण पोपट गेलेत कुठंतरी.

पडद्यावर शर्वरीचे विस्कटलेले केस आणि एक डोळा दिसला. ती झोपेतून उठून बसली होती. “कुठलं भोक? डावीकडे जा. अजून. ते मोठं, तुटलेलं. तिथं थांब.”

“थांबले.”

“बोलू नको. ते आवाज झाला की येत नाहीत.”

भानुमती मोघे किल्ल्यावर उभ्या राहून गप्प बसल्या. हे त्यांच्या हातून पहिल्यांदाच होत होतं. थोड्या वेळानं शर्वरीच कुजबुजली, “आजी, तू बोल. हळू बोलली तर चालतं.”

मग काकू हळू आवाजात बोलल्या. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. उद्या प्रस्थान ठेवायचं आहे, तेच मनात होतं, तेच सांगितलं. आम्हाला बुधवारी दिल्लीला निघायचंय, आणि बुधवारी उत्तरेला जाऊ नये म्हणतात. मग जुनी माणसं काय करतात, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातलं काहीतरी गाठोड्यात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालोच असं होतं. बुधवारी नुसतं ते उचलायचं आणि पुढं चालायचं. “आजोबा म्हणतात, अमेरिका पश्चिमेला आहे, पश्चिमेला बुधवार चालतो. म्हटलं, आधी दिल्ली तर लागते ना.”

शर्वरीला हे फार आवडलं. गाठोड्यात काय ठेवायचं, असं तिनं विचारलं. काकूंनी सांगितलं, सुपारी, हळकुंड आणि आपल्या अंगावरचं काहीतरी. त्या स्वतः पायांतले बूट ठेवणार होत्या.

“आणि मग जायचं नसेल तर?”

“नाही बाळा. ठेवलं की माघार नाही. जायचं नक्की असेल तेव्हाच ठेवतात.”

 खालून शिटी वाजली. किल्ला बंद व्हायची वेळ झाली होती. पहारेकरी एकेका टोळक्याला खाली हाकत येत होता. तो काकूंना ओळखत होता, पण पारावरच्या काकूंना; वर बघून चकित झाला. “अरे अम्मा जी, आप ऊपर? चलिए, टाइम हो गया.”

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. पहारेकरी बिचारा शिटी हातात धरून थबकला. काय बघायचंय ते न कळून तोही भिंतीकडे बघू लागला.

तेवढ्यात आकाशातून चिरकत एक हिरवी रेघ आली. पाठोपाठ दुसरी. बुरुजाला वळसा घालून दोन पोपट आले, तुटक्या भोकाच्या कडेला लटकले, एकानं मान वाकडी करून पहारेकऱ्याला पाहिलं, आणि दोघंही आत शिरले. मग थवाच आला. भोकाभोकांतून लाल चोची, भांडणं, ढकलाढकली. काकू फोन धरायचं विसरल्या. फोनमधून आवाज येत होता, “आजी, दिसले? आजी, मला दाखव ना!”

“दिसले,” काकू म्हणाल्या आणि फोन वर केला. “अगं केवढे!”

सोमवारी संध्याकाळी त्यांनी बूट पुसून पिवळ्या फडक्यात बांधले, सुपारी-हळकुंड घातलं आणि माधुरीकडे नेऊन ठेवलं. माधुरीनं ते तेलाच्या बाटल्यांवरच्या फळीवर, देवाच्या चित्राशेजारी ठेवलं. तिची आजीही असंच करायची, असं म्हणाली. सुभाषचंद्र म्हणाले की माझंही काहीतरी ठेव, नाहीतर तू एकटीच पोचशील. त्यांची माकडटोपी गाठोड्यात गेली.

फिलाडेल्फियाच्या बेताचं काकूंनी पुन्हा नाव काढलं नाही. माधुरीनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, दरवाजा नाही त्या गावाला, शिरू कुठूनही. पण त्यांचा पाय घरात ठरत नव्हता. लोणच्याची बरणी बांधत होत्या, सोडत होत्या, पुन्हा बांधत होत्या. शर्वरी येईल की नाही हे कोणाला विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मनोऱ्यावर मात्र आपण जायचं. ती आली तर तिच्याबरोबर आणि नाही आली तर तिला तिथून फोन करायचा.

बुधवारी सकाळी रिक्षा दारात उभी होती. सुभाषचंद्र कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघत होते. काकू प्रस्थान उचलायला माधुरीच्या दारात गेल्या. माधुरीनं त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली, काकूंनी ती तोंडात टाकली, आणि फोन वाजला. मुग्धाचा होता. तिकडे मंगळवारची रात्र होत होती.

“आई, निघालात का? एक विचारायचं होतं. शर्वरी आज शाळेतून परस्पर शमिकाकडे गेली आणि तिच्या आईकडे एक पिशवी ठेवून आली. आत्ता त्यांचा फोन आला. म्हणाल्या, पिशवीत हिचे बूट आहेत, एक बदाम आहे आणि हळदीची डबी आहे, आमच्या स्वयंपाकघरातली. मी हिला विचारलं तर म्हणते, सुपारी मिळाली नाही. आणि शमिकाला सांगून आलीये की मी तुमच्याकडे राहायला येणार नाही, मी आजीबरोबर जातेय.” मुग्धाचा आवाज हसत होता. “आता त्या विचारतायत, हे त्यांनी किती दिवस ठेवायचं?”

काकूंच्या तोंडात दही होतं. त्यांनी ते गिळलं. सुभाषचंद्र मागून येऊन ऐकत होते. ते म्हणाले की शास्त्रात प्रस्थान एवढे दिवस टिकत नाही.

“तिकडे टिकतं,” काकू म्हणाल्या. मग फोनमध्ये म्हणाल्या, “मुग्धा, त्यांना म्हणावं, आम्ही निघू त्या दिवसापर्यंत राहू द्या. आणि उचलायला येईल तेव्हा तिच्या हातावर दही-साखर ठेवा म्हणावं. डाव्या नाही, उजव्या.”

त्यांनी फळीवरून गाठोडं उतरवलं, पावलं मोजून उंबऱ्याबाहेर टाकली आणि दारातच बसून, रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना, ते बूट पायांत घातले.